पावसाळ्यात कोडे का अडते?

तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचे कोडे तुम्ही सोडविले असेलच. बाजारात मिळणारी अशी कोडी बहुधा पुठ्ठ्याची असतात. पण एखाद्या फोटोची प्रत प्लायवुडवर चिकटवून आणि फ्रेटसॉने, म्हणजे धनुष्याच्या आकाराच्या बारीक पात्याच्या करवतीने, तिचे तुकडे कापून आपले स्वतःचे कोडे घरी करता येते. तुमच्यापैकी काहींनी ते केलेही असेल. मे महिन्याच्या सुटीत केलेले असे कोडे छान जुळते. मग जुलैमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, कोणीतरी डबा उघडतो आणि पाहतो तर काय, तुकडे एकमेकांत शिरतच नाहीत! जोर करून शिरवले, तर ते निघत नाहीत. ओढाताणीत फोटोचा कागद कडेने सुटतो आणि नेमका आजीच्या चेहऱ्याचाच पापुद्रा निघतो.

अशा वेळी मोठी माणसे म्हणतात, "वरून चांगले दोन-तीन हात वॉर्निश मारायचे होते!" हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि अर्धा कोड्याचा घात करणारा आहे. कसा ते आज पाहू. मात्र पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरातला मूळ फोटो या कामाला कधीही वापरू नका. त्याची प्रत काढून घ्या. जुना फोटो एकदा सरसात बुडाला, की तो परत मिळत नाही.

लाकडी तुकड्यांची कोडी काही आजची नाहीत. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने इ. स. १७६६ च्या सुमारास युरोपचा नकाशा महागनी लाकडाच्या पातळ फळीवर चिकटविला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवून त्याचे तुकडे केले. मुलांना भूगोल शिकविण्यासाठी ही युक्ती होती. ते तुकडे आजच्या कोड्यांसारखे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी शेजारी बसत. त्यामुळे लाकूड थोडे फुगले, तरी फारसे बिघडत नसे. शिवाय महागनी हे फुगण्या-आकसण्याच्या बाबतीत मोठे संयमी लाकूड आहे. आपल्या कोड्यात मात्र प्रत्येक तुकड्याला गोल डोके आणि शेजारच्या तुकड्याला तेवढीच खाच असते. येथे केसाएवढ्या फरकानेही काम अडते.

लाकूड का फुगते?

लाकूड म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची मोळी आहे अशी कल्पना करा. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढत असते. नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोज या पदार्थाच्या असतात आणि सेल्युलोजला पाण्याची फार ओढ. हवेतील बाष्पाचे रेणू भिंतींत शिरतात, तेथील लांब लांब रेणूसाखळ्यांच्या मध्ये जागा करून बसतात आणि साखळ्या एकमेकींपासून थोड्या दूर ढकलल्या जातात. यालाच आपण लाकूड फुगले असे म्हणतो. हवा कोरडी झाली, की हेच रेणू बाहेर पडतात आणि लाकूड आकसते. कापून, वाळवून, टेबल झाल्यावरही लाकडाचा हा श्वासोच्छ्वास चालूच राहतो.

आता थोडे आकडे. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असते. देशावर उन्हाळ्यातील दुपारी अशीच हवा असते. आर्द्रता ८० टक्के झाली, की लाकडातील पाणीही हळूहळू १६ टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे मे ते जुलै या काळात दहा टक्के पाणी वाढले. एवढ्याने साध्या पाइनची फळी तंतूंच्या आडव्या दिशेने सुमारे २ टक्के रुंद होते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने मात्र ती जवळजवळ वाढतच नाही, कारण सेल्युलोजच्या साखळ्या मुख्यतः लांबीच्या दिशेनेच मांडलेल्या असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना बाजूला सारते. साखळीची लांबी वाढविणे त्याला जमत नाही.

दोन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटते ना? तर मग हिशेब करू. तुमचा एक तुकडा ३० मि.मी. रुंद आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे ०.६ मि.मी. आणि दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा किती? करवतीच्या पात्याने लाकडाचा जेवढा भुसा करून बाहेर काढला तेवढीच. फ्रेटसॉच्या बारीक पात्याची ही फट सुमारे ०.३ मि.मी. असते. पाहिजे तर मोजून पाहा. छपाईच्या कागदाच्या ५०० तावांच्या गठ्ठ्याची उंची साधारण ५ सें.मी. भरते, म्हणजे एक कागद ०.१ मि.मी.चा झाला. तुमच्या कोड्याच्या फटीत असे किती कागद बसतात ते पाहा. तीन बसले, की फट ०.३ मि.मी.ची. जागा ०.३ आणि फुगवटा ०.६! तुकडा शिरणार कसा? शिवाय तो एकाच दिशेने फुगतो, त्यामुळे गोल डोके अंडाकृती होते आणि खाच मात्र दुसऱ्याच आकाराची राहते.

यावर प्लायवुड हा उत्तम उपाय आहे. प्लायवुड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे एकावर एक चिकटविलेले थर. पण एका थराचे तंतू उभे, तर पुढच्या थराचे आडवे. आडव्या दिशेने फुगू पाहणाऱ्या थराला शेजारचा थर आपल्या न वाढणाऱ्या तंतूंनी धरून ठेवतो. तोही दुसऱ्या दिशेने तसाच जखडलेला असतो. एकमेकांचे हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांसारखे! परिणामी मघाच्याच हवापालटाने ३० सें.मी. प्लायवुड फार तर अर्धा मि.मी. वाढते. ३० सें.मी.त दहा तुकडे धरले, तर त्यांच्यामध्ये नऊ फटी आणि त्या सगळ्या मिळून २.७ मि.मी. जागा होते. अर्धा मि.मी. त्यात सहज सामावतो. साधी फळी असती तर ती ६ मि.मी. वाढली असती. म्हणून कोड्यासाठी चार-पाच मि.मी. जाडीचे, चांगल्या प्रतीचे, आत पोकळ्या नसलेले प्लायवुडच घ्या. पॅकिंगच्या खोक्याची फळी फुकट मिळते खरी, पण तिच्यावर श्रम वाया जातात.

येथे तुम्ही विचाराल, "प्लायवुडनेच काम भागले, तर वॉर्निश कशाला?" प्रश्न योग्य आहे. खरे सांगायचे तर कोणतेही वॉर्निश, पॉलिश किंवा लाख बाष्पाला पूर्णपणे अडवीत नाही, फक्त त्याचा वेग कमी करते. एखाद्या दमट दिवसाचा परिणाम या थरामुळे लाकडापर्यंत पोहोचत नाही, पण पावसाळ्याचे चार महिने सलग मिळाले, की बाष्प आत जातेच. तेव्हा ऋतूंशी लढायचे काम प्लायवुडचे. वरच्या थराचे काम निराळे आहे. घामट बोटे, सांडलेला चहा, धूळ आणि घासटणे यांपासून चित्राला वाचवायचे, चित्राची कड सुटू द्यायची नाही आणि रोजच्या दमट-कोरड्या हेलकाव्यांना थोपवायचे. ही कामे करायला अगदी पातळ थर पुरतो. मग जाड थराने बिघडते काय?

थराची जाडी

प्लायवुडवर थर द्यायला आपल्याकडचा जुना आणि चांगला पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसती करतात आणि आपल्या अंगातून राळेसारखा पदार्थ पाझरवून त्याचे कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून आणि ताणून पातळ पत्र्यासारखे केले, की चपडा लाख तयार होते. लाखेच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली केवळ लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्याही लाखेच्या मिश्रणाच्याच असत. औषधाच्या काही गोळ्यांवर आजही तिचे आवरण असते.

आपल्या कामाशी अगदी जवळचे उदाहरण सावंतवाडीचे आहे. तेथे हाताने रंगविलेले गंजिफाचे गोल पत्ते होतात आणि रंगकाम झाल्यावर त्यांना लाखेचा थर देतात. विचार करून पाहा, पत्त्यांचा प्रश्न आणि आपल्या कोड्याचा प्रश्न एकच आहे! चित्र अनेक हातांतून जाणार, घाम लागणार, पत्ते एकमेकांवर घासणार. थर पुरेसा हवा, पण इतका जाड नको, की पत्ता पत्त्यावरून सरकेनासा होईल.

सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवितात आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवतात. त्यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. हा थर किती जाडीचा होतो ते आपण मोजपट्टीशिवाय काढू. एक लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम लाख विरघळविली आणि एवढे द्रावण सुमारे १० चौ. मीटर लाकडाला एकदा पुरले, असे समजा. स्पिरिट उडून जाते. उरते १०० ग्रॅम लाख. तिचे आकारमान सुमारे ९० घन सें.मी. होते आणि ते १० चौ. मीटरवर, म्हणजे १ लाख चौ. सें.मी.वर पसरलेले असते. भागाकार करा. जाडी आली ०.०००९ सें.मी., म्हणजे ०.००९ मि.मी. एका मि.मी.चा जवळजवळ शंभरावा भाग!

आता ब्रशने लावलेल्या दाट वॉर्निशचा हिशेब तसाच करा. एक लिटर दहा चौ. मीटरला पुरले आणि त्यातला ४० टक्के भाग वाळून मागे राहिला, तर एका हाताची जाडी ०.०४ मि.मी. होते. तीन हातांची ०.१२. तुकड्यांच्या कडांनाही ते लागले असेल, तर फटीच्या दोन्ही बाजूंनी थर चढेल आणि ०.२४ मि.मी. जागा खाऊन टाकील. फट होती ०.३ मि.मी. उरली ०.०६, म्हणजे कागदाचा एक ताव जाईल एवढीसुद्धा नाही. "दोन-तीन हात मारा" या सल्ल्यातला घात तो हा. लाखेचे तीन हात दोन्ही कडांना लागले, तरी ०.०५ मि.मी.च्या आसपास जागा जाते आणि पाव मि.मी. शिल्लक राहते.

याहून मोठी चूक म्हणजे जुळविलेल्या कोड्यावर वरून पॉलिश लावणे. दिसायला ते सोयीचे असते. सगळे तुकडे जागच्या जागी, एकदा ब्रश फिरविला की झाले. पण बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो, हे तुम्ही केशाकर्षणाच्या धड्यात शिकला आहात. दिव्याच्या वातीत तेल चढते ते यामुळेच. ०.३ मि.मी. रुंदीच्या फटीत स्पिरिट सुमारे २ सें.मी. चढू शकते. आपले प्लायवुड आहे अर्ध्या सें.मी.चे. म्हणजे फट तळापर्यंत भरणार, स्पिरिट उडून जाणार आणि मागे राहिलेली लाख सर्व तुकड्यांना एकमेकांशी चिकटवून टाकणार. लाख ही मुळात उत्तम चिकटविणारी वस्तू आहे, सोनार दागिना घडविताना तो लाखेतच बसवितात, हे विसरू नका. म्हणून थर द्यायचा तो कापण्यापूर्वी, अखंड फळीला. कापताना बोटांचा घाम आणि भुसा चित्राला लागत नाही हा त्याचा आणखी एक फायदा. शिवाय लाखेने आवळून धरलेला कागद पात्याखाली कमी फाटतो.

दोन्ही बाजूंचा न्याय

आता क्रम जरा मागे नेऊ, चित्र चिकटविण्याकडे. कागदही सेल्युलोजचाच. फेविकॉलसारख्या पांढऱ्या सरसात पाणी असते. त्याने कागद भिजतो, फुगतो आणि फुगलेल्या स्थितीतच फळीला चिकटतो. वाळताना तो आकसू पाहतो, पण फळीने त्याला धरून ठेवलेले असते. मग तो फळीलाच ओढतो आणि पातळ फळी चित्राच्या बाजूने वाटीसारखी खोलगट होते. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा साधा कागद, तोच सरस, त्याच वेळी लावायचा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली, की फळी सरळ राहते. मागच्या कागदाने दिसण्यात काहीच भर पडत नाही म्हणून मुले तो टाळतात आणि मग वाकलेली फळी वजनाखाली ठेवून सरळ करीत बसतात. ती सरळ होत नाही. वजन काढले, की ओढ पुन्हा हजर!

पॉलिशलाही हाच नियम लागू आहे. चित्राच्या बाजूला तीन हात आणि पाठ कोरीच ठेवली, तर दमट हवेत बाष्प पाठीकडून भराभर आत शिरते, पाठ आधी फुगते आणि फळी चित्राच्या बाजूने खोलगट होते. कोरड्या हवेत नेमके उलट. पुढे जितके हात, मागेही तितकेच. सुतार एवढी मोठी टेबले करतात, त्यांच्या खालच्या बाजूला, जी कोणी कधी वाकून पाहत नाही, तेथेही चांगला सुतार पॉलिशचा हात फिरवितो. तो काही उगाच नव्हे.

चित्र कशाने छापले आहे यावर पुढचे अवलंबून असते. दुकानात शाईचे फवारे मारून छापलेले चित्र असेल, तर त्याच्या शाया पुष्कळदा पाण्यात विरघळतात आणि काही स्पिरिटमध्येही पसरतात. लेसर यंत्रावर काढलेल्या रंगीत प्रतीत शाई नसतेच. रंगीत प्लॅस्टिकची बारीक पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसविलेली असते. तिला पाण्याची भीती नाही, पण थिनरसारखे तीव्र द्रावक तिला विरघळवू शकतात. फोटो लॅबमधील प्रतीवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगून चिकट होतो, मात्र अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. या प्रतीची दुसरीच अडचण आहे. तिच्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो आणि पॉलिथिनवर पांढरा सरस नीट पकड घेत नाही. तेव्हा कोड्यासाठी साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर काढलेली लेसर प्रत मला सर्वांत सोयीची वाटते. काहीही वापरले, तरी त्याच चित्राची एक टाकाऊ पट्टी आधी प्लायवुडच्या तुकड्यावर चिकटवून तिच्यावर प्रयोग करा. बोळा फिरवून तो उलटून पाहा. कापसाला रंग लागला, तर ते द्रावण त्या चित्रासाठी नाही. अशा वेळी अॅक्रिलिकचा फवारा अगदी हलका, दुरून मारावा. तो पारदर्शक असतो आणि लाखेसारखी पिवळसर झाकही देत नाही.

लाखेचे दोषही सांगायलाच हवेत. साबण आणि सोडा यांनी ती विरघळते. गरम कपाखाली मऊ पडते. पाणी बराच वेळ साचून राहिले, तर पांढरा डाग पडतो. पण चुकले तर स्पिरिटच्या बोळ्याने पुन्हा सारखी करता येते, ही तिची मोठी सोय. बेलतेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेलही पुष्कळ जण लाकडाला चोळतात. ते कोड्याला नको. स्पिरिट उडून जाते म्हणून लाख सुकते. बेलतेल उडत नाही, ते हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. या क्रियेला काही दिवस लागतात, तेल कागदात शिरून तो तेलकट पारदर्शक होतो आणि काळाबरोबर पिवळाही पडतो. या क्रियेत उष्णताही निर्माण होते. बेलतेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. सुताराच्या दुकानात अशी फडकी पसरून वाळत टाकलेली दिसतात, त्याचे कारण हे.

पॉलिश पांढरे का पडते?

पावसाळ्यात पॉलिश करू नये असे कारागीर सांगतात. केलेच, तर तकतकीत दिसण्याऐवजी वर दुधी धुके आल्यासारखे होते. हा दोष लाखेचा नाही, बाष्पीभवनाचा आहे. इंजेक्शनपूर्वी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटते ना? उडून जाणारे स्पिरिट पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. आता समजा, खोलीचे तापमान २८ अंश सेल्सियस आहे. हवा कोरडी, आर्द्रता ४० टक्के असेल, तर दव जमण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १३ अंशांपर्यंत थंड व्हावा लागेल. तेवढा तो होत नाही. पण आर्द्रता ९० टक्के असेल, तर २६ अंशांनाच दव पडू लागते. म्हणजे फक्त दोन अंश थंड झाले, की पुरे! ओल्या लाखेवर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात, लाख त्यांना आत घेऊन सुकते आणि ते प्रकाश विखुरतात. ढग पांढरा दिसतो तो ज्या कारणाने, त्याच कारणाने पॉलिश पांढरे दिसते. कोरड्या, उघडिपीच्या दिवशी त्यावरून स्पिरिटचा जवळजवळ कोरडा बोळा हलकेच फिरविला, तर लाख किंचित मऊ होऊन अडकलेले पाणी निघून जाते आणि धुके नाहीसे होते.

स्पिरिट चटकन पेटते आणि ते विषारी असते. ते विझलेल्या शेगडीच्या खोलीतसुद्धा नको. खिडक्या उघड्या ठेवून, मोठे माणूस जवळ असतानाच हे काम करा.

पहिला हात वाळला, की चित्रावर पॉलिशपेपर घासण्याचा मोह होतो. घासू नका, चित्राचा रंगच निघेल. पाठीवर मात्र बारीक पॉलिशपेपर जरूर फिरवा. असे तीन पातळ हात पुढे, तीन मागे, प्रत्येकामध्ये दोन-तीन तासांची विश्रांती. नंतर पूर्ण एक दिवस थांबा. लाख वरून कोरडी लागली, तरी आत स्पिरिट असते आणि अशा मऊ लाखेत करवतीचे पाते गरम होऊन भुसा चिकटतो. मग कापायला घ्या.

कापल्यावर उघड्या पडतात त्या कडा. तेथे नळ्यांची कापलेली तोंडे असतात. प्लायवुडच्या टाकाऊ तुकड्याच्या सपाट बाजूवर आणि कडेवर शाईचा एकेक थेंब ठेवून पाहा. सपाट बाजूवर तो बराच वेळ बसून राहतो, कडेवर पाहता पाहता आत जातो. म्हणून कडांना काहीतरी हवे हे खरे, पण जाडी चालणार नाही हेही खरे. माझ्या मते फडक्यावर लाखेचे चार थेंब घेऊन प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून एकदाच पुसल्यासारखे करावे. कापलेल्या तोंडांत लाख शिरते, वर थर जवळजवळ राहत नाही. शंभर तुकड्यांचे कोडे असेल, तर हे काम कंटाळवाणे आहे, पण ते चुकवू नये. तुकडे वाळताना एकमेकांना लागू देऊ नका. ते वाळले, की कडांवर मेणबत्तीचा तुकडा हलकेच फिरविला तरी चालेल. त्याने तुकडे सुळकन बसतात. मेण शेवटीच लावायचे. आधी लावले, तर त्यावर लाख धरत नाही. आणि कोडे लहान भावंडांच्या हाती देणार असाल, तर तोंडात जातील एवढे लहान तुकडे करू नका.

आता एक प्रयोग देतो. तीन मि.मी. जाडीच्या प्लायवुडच्या ३० सें.मी. लांब, ३ सें.मी. रुंद अशा तीन पट्ट्या एकाच तुकड्यातून, एकाच दिशेने कापून घ्या. पहिली कोरी ठेवा. दुसरीला एकाच बाजूने लाखेचे चार हात द्या. तिसरीला दोन्ही बाजूंनी चार चार द्या. दोन दिवस कोरड्या जागी वाळवून तिन्ही काचेवर ठेवा आणि मधोमध किंवा टोकांखाली किती कागद सरकतात ते मोजून वहीत लिहा. नंतर त्या न्हाणीघरात दोरीला टांगा. चार दिवस रोज सकाळी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, काढून पुन्हा मोजा. दुसरी पट्टी कोणत्या बाजूला वाकेल, लाख लावलेल्या की कोऱ्या, याचा अंदाज पहिल्याच दिवशी, टांगण्यापूर्वी, वहीत लिहून ठेवा.